एकाच मॉडेलच्या दोन व्हॅन, डिझेल मात्र वेगवेगळे

प्रश्न : आमच्याकडे घरपोच माल पोहोचवणाऱ्या, एकाच मॉडेलच्या दोन डिझेल व्हॅन आहेत. पहिली मुख्यतः महामार्गावर दिवसाला १८० किलोमीटर धावते, १५ ठिकाणी माल उतरवते आणि लीटरला १५ किलोमीटरचे ॲव्हरेज देते. दुसरी शहरात जेमतेम ६० किलोमीटर फिरते, ९० ठिकाणी थांबते आणि तिचे ॲव्हरेज ९ च्या पुढे जात नाही. चालक डिझेल काढून घेत असावा, अशी माझ्या भागीदाराला शंका आहे. ती रास्त आहे का?

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांवरून तरी नाही. १५ च्या ॲव्हरेजने ६० किलोमीटरला ४ लीटर लागले असते. आपल्या दुसऱ्या व्हॅनला पावणेसात लागतात, म्हणजे हिशेब पावणेतीन लीटरचा द्यायचा आहे. मालासह अडीच टन वजनाची गाडी ताशी ४० किलोमीटर वेगापर्यंत नेण्यासाठी सुमारे १५० किलोज्यूल ऊर्जा खर्च होते आणि ब्रेक दाबताच तिच्यातील बहुतेक भाग उष्णता होऊन वाया जातो. एक लीटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असली, तरी शहरातल्या धावण्यात त्यातील साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो असे धरले, तर प्रत्येक थांब्यामागे १५ ते २० मिलिलीटर आणि ९० थांब्यांचे मिळून दीड लीटरच्या आसपास डिझेल जाते. सिग्नल आणि कोंडी यांतले थांबे यात धरलेलेच नाहीत.

माल देताना इंजिन चालूच राहत असेल, तर आणखी भर पडते. अशा व्हॅनचे इंजिन जागेवर उभे असताना तासाला अर्धा ते एक लीटर डिझेल घेते. प्रत्येक थांब्यावर एकच मिनिट धरले, तरी दिवसाचा दीड तास होतो. चालकाला काही सांगायचेच असेल, तर ते एवढेच.

पहिल्या व्हॅनचे शत्रू निराळे आहेत. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ८० ऐवजी १०० च्या वेगाने जाताना तो दीडपटीहून अधिक होतो, आणि टपावर रिकामे कॅरियर असेल तर त्याचाही भार सोसावा लागतो. टायरमधील कमी हवा मात्र दोघींनाही सारखीच महागात पडते.

तरीही खात्री हवी असल्यास दर वेळी त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरून नोंद ठेवावी. पहिल्या आठवड्यात मार्ग व चालक तेच ठेवून फक्त गाड्या बदलाव्यात, दुसऱ्या आठवड्यात फक्त चालक. कमी ॲव्हरेज गाडीबरोबर गेले, तर अडकून घासणारे ब्रेक तपासून घ्यावेत. ते शहरातल्या मार्गाबरोबरच राहिले, तर भागीदाराने चालकाविषयीचा संशय सोडून द्यावा आणि त्या व्हॅनचा खर्च किलोमीटरवर न मोजता पोहोचवलेल्या प्रत्येक पार्सलमागे मोजावा.