वाचक विचारतात : लेकीच्या अंगणातली हरणं

प्रश्न : मी सांगलीची. मे महिन्यापासून न्यू जर्सीला लेकीकडे आहे. सकाळी चहा घेताना खिडकीतून हरणं दिसतात, सोबत पाडसं. पहिले आठ दिवस मी नुसते फोटो काढले. मग एका रात्रीत त्यांनी माझी टोमॅटोची रोपं बुडख्यापर्यंत खाल्ली. आता पत्रक आलंय, मागच्या रानात धनुष्यबाणाने हरणं मारायला परवानगी आहे म्हणे. जीव कळवळला. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानासारखे लांडगे सोडले तर माणसाला हत्या करावी लागणार नाही, असं जावई म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : जावईबापूंनी यलोस्टोनचा तो व्हिडिओ पाहिलेला दिसतोय, लांडगे आले, हरणं घटली, काठची झाडी वाढली आणि नद्या वळल्या, तो. गोष्ट छान आहे, पण निम्मी. तिथले लांडगे १९२६ पर्यंत माणसानेच संपवले. मग एल्क, म्हणजे तिथली मोठाली हरणं, इतके वाढले की वनरक्षकच कित्येक वर्षं ते मारत होते. १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. उत्तरेकडचा सुमारे १९ हजार एल्कचा कळप पुढे चार हजारांच्या खाली आला. पण त्यात अस्वलं होती, प्यूमा, म्हणजे डोंगरी सिंह, होते, उद्यानाबाहेरचे शिकारीही होते. आणि ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर गेल्यावर जिथले ओढे खोल खचले होते, तिथली वाळुंजं लांडगे येऊनही खुरटीच राहिली.

तरी ते नऊ हजार चौरस किलोमीटरचं राखीव रान. न्यू जर्सी म्हणजे अमेरिकेतलं सगळ्यात दाट वस्तीचं राज्य. तिथे लांडग्यांनी राहायचं कुठे, टर्नपाइक हायवेवर? कोल्ह्यासारखे कोयोटी आहेत, काळी अस्वलं आहेत. ती पाडसं उचलतात, पण तेवढ्याने भागत नाही. धडधाकट मादी दरवर्षी बहुधा जुळी देते.

मी शाकाहारी, जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. मुलाकडे गेले तेव्हा माझाही जीव असाच कळवळायचा. मग एका ओळखीच्या वनस्पतिवाल्याने मला तिथल्या रानात नेलं. वर मोठाले ओक, खाली सगळं मोकळं. आपल्याकडे गुरांनी चरून काढलेलं गायरान असतं ना, तसं. उरलं होतं ते नेचे आणि जपानहून आलेलं गवत, हरणं तोंड लावत नाहीत असलं. मध्ये खोलीएवढ्या जागेला जाळी मारलेली. आत माझ्या कमरेइतकी ओकची रोपं, बाहेर एकही नाही. मी तिथे बराच वेळ उभी होते.

अंदमानात सेल्युलर जेल पाहून रॉस बेटावर (आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) गेला असाल तर पर्यटकांच्या हातून खाणारे चितळ पाहिले असतील. ते इंग्रजांनी आणून सोडलेले. मागे वाघ ना बिबट्या. तिथल्या जंगलातल्या कोवळ्या रोपांचीही तीच गत.

तेव्हा शिकारीला माझा विरोध नाही. पण नुसती परवानगी देऊन भागत नाही. शिंगांच्या हौसेने नर मारले तर संख्या हलत नाही. म्हणून त्या राज्यात काही भागांत आधी बिनशिंगी हरीण, म्हणजे बहुधा मादी, मारा, मग शिंगवाला, असा नियम आहे. घरांच्या मागच्या रानात तीरंदाजी संथच चालते. तिथल्याच प्रिन्स्टन गावाने २००१ मध्ये पैसे देऊन नेमबाज आणले, गावात भांडणं झाली, आणि एकदा करून काम संपलं नाही. मांस विकायला बंदी आहे, पण ‘हंटर्स हेल्पिंग द हंग्री’सारख्या योजनेतून ते गरजूंच्या ताटात जातं. आणि लांडगा म्हणजे अहिंसा, हेही डोक्यातून काढा. तो हरणाला पळवून पळवून दमवतो. नेमका बसलेला बाण त्यापेक्षा दयाळू.

पत्रकावर सभेची तारीख असली तर जा, आणि गेल्या वर्षी माद्या किती मारल्या ते विचारा. अंगणातून आल्यावर पाय, गुडघ्यामागची लवण, कंबर तपासत जा. लाइम रोग पसरवणारी गोचिडीची पिल्लं खसखशीएवढी असतात. त्यांच्यात जंतू येतो मुख्यतः उंदरांकडून, पण मोठी गोचीड पोसते हरणावर.

टोमॅटोला जाळी आठ फुटी हवी. जावई पाच फुटी आणतील, मादी ती सहज उडी मारून ओलांडते. कडेने पुदिना आणि लसूण लावा, ते सहसा खात नाहीत. चटणीलाही होतील.