'ऑब्व्हियस'ला 'उघड' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: दिव्यांवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेच्या पेटंटवरील एका अमेरिकी निकालाचे भाषांतर करताना 'दोन जुने शोध एकत्र करणे ऑब्व्हियस होते' इथे 'उघड होते' चालेल का?

माझ्या मते नाही. पेटंटच्या भाषेत 'उघड करणे' आधीच दुसऱ्या कामाला लागलेले आहे. अर्जदार आपला शोध उघड करतो, जुना दस्तऐवज एखादी रचना उघड करतो. एकाच दस्तऐवजात सगळे उघड झालेले असेल तर शोध नवा नाही, हा अमेरिकी कायद्याच्या कलम 102 चा आक्षेप. कलम 103 वेगळेच विचारते. समजा, एका जुन्या पेटंटात विद्युत्प्रवाह मोजून दिवा बंद पडल्याचे ओळखणारे उपकरण आहे आणि दुसऱ्यात मीटरची नोंद रेडिओवरून मध्यवर्ती संगणकाला कळवण्याची सोय. दिव्याचा बिघाड रेडिओवरून कळवावा, हे दोन्हींत कुठेच उघड केलेले नाही. तरी त्या क्षेत्रातल्या सर्वसाधारण जाणकाराला ते सहज सुचले असते का, यावर भांडण होते. इथे 'उघड' लिहिले की दोन्ही आक्षेपांची सरमिसळ झालीच. 'स्पष्ट'ही नको, कारण पेटंटमधल्या दाव्याची ('क्लेम', म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारा मजकूर) भाषा स्पष्ट असावी ही तिसरीच अट आहे.

मी 'सहज सुचण्याजोगे' लिहीन. मराठीत सुचते ते कोणाला तरी सुचते, आणि 'कोणाला?' हाच कायद्याचाही प्रश्न आहे. शिवाय आपल्याकडे 'सुचणे' आणि 'सुचवणे' अशी सुरेख जोडी आहे. केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स हा 2007 चा खटला पाहा. त्यात वाद होता मोटारीच्या पुढेमागे सरकवता येणाऱ्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावण्याचा. जुन्या तंत्रज्ञानाने असा मेळ सुचवला होता का, ही कसोटी फेडरल सर्किट न्यायालयाने (पेटंटची अपिले ऐकणारे अमेरिकी न्यायालय) फार ताठरपणे लावली, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. कागदाने सुचवलेले नसले तरी जाणकाराला सुचू शकते! मात्र त्याला ते का सुचावे, याचे कारण दाखवावेच लागते. नाहीतर ती निव्वळ पश्चातबुद्धी. (हा आपला जुना शब्द 'हाइंडसाइट'साठी अगदी नेमका आहे.)

'एकत्र करणे'ऐवजी 'सांगड घालणे' बरे. 'जोडणे' तर टाळाच. एका यंत्राचा भाग दुसऱ्यात जसाच्या तसा बसतो का, ही तिथली कसोटी नाही. दोन्ही दस्तऐवजांतून मिळून जाणकाराला काय उमगते, हे पाहिले जाते.

'ऑब्व्हियसनेस'साठी 'सहजसुचनीयता' असले नाम घडवू नये. वाक्यच फिरवावे: 'या दोन जुन्या शोधांची सांगड घालणे त्या क्षेत्रातील सर्वसाधारण जाणकाराला सहज सुचण्याजोगे होते.'