नोकरी गेल्याचं घरी कसं सांगू?

"मॅडम, 24 वर्षांची नोकरी गेली. घरी अजून माहीत नाही. कसं सांगू?" पन्नाशीतले पुरुष हा प्रश्न घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे वारंवार येतात. एप्रिलमध्ये आलेल्या एका गृहस्थांची हकीकत, त्यांच्या परवानगीने आणि काही तपशील बदलून, लिहिते. ऑफिसात सगळे त्यांना साहेब म्हणत, म्हणून इथेही साहेबच.

साहेब 51 वर्षांचे, ठाण्याचे. गृहकर्ज देणाऱ्या एका खासगी कंपनीत क्रेडिट मॅनेजर. कोणाचं कर्ज मंजूर करायचं, कोणाचं नाही, हे ठरवणं त्यांचं काम. कंपनीने ते सॉफ्टवेअरवर नेलं आणि फेब्रुवारीत त्यांच्या हातात पत्र ठेवलं. तरी रोज सकाळी डबा घेऊन ते बाहेर पडत होते.

"यंदा 31 मार्चला फोन एकदाही वाजला नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. मार्चएंडला ते कधीच मध्यरात्रीच्या आत घरी गेले नव्हते, त्यामुळे त्या दिवशी लवकर जायचीही सोय नव्हती. साडेअकरापर्यंत तलावपाळीवर बसले. सांगताना उजवा हात सारखा छातीशी जायचा, आयकार्डाची दोरी सरळ करायला. दोरी नव्हती.

झोप-भूक विचारली. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारलं. असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. त्यांना तसे विचार नव्हते. ज्यांना येतात त्यांनी एक दिवसही थांबू नये. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 वर मोफत आहे, दिवसरात्र.

मग मी वेगळंच विचारलं. "ज्याच्याकडे पगाराची स्लिप नाही, त्याची ऐपत तुम्ही कशी ठरवायचात?"

ते ताठ बसले. "पीडी करायचो. पर्सनल डिस्कशन. कळव्याच्या एका वडापाववाल्याकडे आयकर रिटर्न नव्हतं. सकाळपासून गाडीवर उभा राहिलो, पावाच्या लाद्या मोजल्या, तेलाचे डबे पाहिले. कर्ज दिलं. एक हप्ता चुकला नाही त्याचा."

"आता स्वतःची पीडी करून आणा," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात एक कागद आला, सुबक अक्षरात. शेवटचा बेसिक 70,000. त्याला 15 ने गुणून 26 ने भागलं (महिन्याचे 26 दिवस धरून 15 दिवसांचा पगार), गुणिले 24 वर्षं: ग्रॅच्युइटी सुमारे 9 लाख 69 हजार. पीएफ, घराचा हप्ता, मुलीची इंजिनिअरिंगची फी. दीड वर्ष घर चालेल एवढं होतं. ते आकडे त्यांनी दोन महिने मांडलेच नव्हते. दुसऱ्यांच्या हजारो फाइली वाचलेल्या माणसाला स्वतःची उघडवत नव्हती.

एक ओळ मात्र कोरी होती: आरोग्य विमा. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मे महिन्यात ठरलेलं, कंपनीच्या मेडिक्लेमवर. तो नोकरीबरोबरच संपला होता, आणि बायको मात्र त्याच कार्डाच्या भरवशावर हॉस्पिटलची तारीख घेऊन बसली होती. नोकरीतल्या अशा ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. नोकरी सुटतानाच ते विचारायला हवं होतं. साहेब कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. "आज सांगतो," म्हणाले.

आम्ही वाक्यं ठरवली. "नोकरी फेब्रुवारीत गेली. तुला सांगायला मला धीर झाला नाही. हा हिशेब." एवढंच. माफीचं लांबण नाही, कंपनीला शिव्या नाहीत, आणि कागद हातात.

बायको चिडली. नोकरीसाठी नाही, त्या दोन महिन्यांसाठी. "मी रोज कोणासाठी डबा भरत होते?" दोन दिवस बोलणं बंद. हे मी मुद्दाम सांगते, कारण सांगितल्याबरोबर सगळे कुशीत घेतील अशा आशेवर माणूस जातो आणि रागाने हबकतो. तो राग रास्त असतो, सोसावा लागतो. तिसऱ्या दिवशी तिने कपाटातून सगळ्या पॉलिसींची फाइल काढली, आणि दोघं शेजारी बसली. ऑपरेशन बचतीतून झालं.

आता साहेब एका चार्टर्ड अकाउंटंटकडे छोट्या दुकानदारांच्या कर्जाच्या फाइली तयार करून देतात. पैसे पूर्वीच्या निम्मेही नाहीत. दुकानदार त्यांना काका म्हणतात. त्याची अजून सवय झालेली नाही, परवा म्हणाले, पण हाक आली की वळून बघतो.