पश्चिमेची ओसरी काचेनं बंद करावी का?

प्रश्न : आमचं घर परभणीत. थंडीत सासूबाई सकाळी अंगणात उन्हाला बसतात, पण वारं लागलं की गुडघे धरतात. डॉक्टरांनी ‘ड’ जीवनसत्त्वासाठी ऊन घ्यायला सांगितलंय. पश्चिमेच्या ओसरीला तिन्ही बाजूंनी काचा लावून वर पारदर्शक पत्रा टाकावा, असं मिस्त्री म्हणतात. दक्षिणेला स्वयंपाकघरालगत स्लॅबखाली मोकळा कट्टाही आहे.

उत्तर : ताई, तो पारदर्शक पत्रा आधी मनातून काढा. ऊन काचेतून सहज आत येतं, पण तापलेल्या फरशीची धग काच बाहेर जाऊ देत नाही. मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा त्या ओसरीत पाय ठेववणार नाही आणि मागची खोलीही रात्रभर तापलेली राहील. पश्चिमेचं ऊन तिसऱ्या प्रहरी तिरपं येतं, छज्जा कितीही पुढं काढा, ते अडत नाही. शिवाय सासूबाई बसतात सकाळी. तेव्हा पश्चिमेला ऊन असतं कुठं?

तुमचं सोनं दक्षिणेच्या कट्ट्यात आहे. काचा लावायच्याच, तर त्या कट्ट्याला लावा. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य तिथं क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे ऊन आतपर्यंत पोचतं. मेच्या मध्यावर तोच सूर्य दुपारी थेट माथ्यावर, तेव्हा दोन फुटी छज्जा पुरतो. आपल्या जुन्या वाड्यांतल्या ओसऱ्या चौकाकडे उघड्या असायच्या, ते मला आजही शहाणपणाचं वाटतं. म्हणून सरकत्या काचा नकोत, त्या अर्ध्याच उघडतात. पूर्ण उघडणारे पल्ले करा, काच टफन्ड, म्हणजे फुटली तरी धारदार तुकडे न होणारी घ्या. उन्हाळ्यात बांबूची चीक, म्हणजे गुंडाळता येणारा पडदा, बाहेरून सोडा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन आलं की उष्णता घरात शिरलेलीच असते. खाली शहाबादी फरशी टाका, पण पॉलिश करू नका. दिवसभराची ऊब ती संध्याकाळपर्यंत धरते.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. ‘ड’ जीवनसत्त्व ज्या अतिनील किरणांनी तयार होतं, ते साधी काचही जवळपास सगळे अडवते. बंद काचेमागं ऊब मिळेल, जीवनसत्त्व नाही. अगदी कोवळ्या उन्हातही हे किरण कमीच असतात. अकराच्या सुमारास, वारं पडलेलं असताना, समोरचा पल्ला उघडून त्यांच्या हातापायांवर थेट ऊन येऊ द्या. किती वेळ, ते डॉक्टरांना विचारा.

आणि दाराला उंबरा ठेवू नका. भिंतीला धरायला एक दांडा आत्ताच, काम चालू असतानाच बसवून घ्या.