पावसात घोडबंदर रोडवर डिफ लॉक लावून गाडी चालवावी का?

तुम्ही जुनी फोर्स गुरखा जीप घेताय, पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक आहेत, आणि पावसाळ्यात घोडबंदर रोडवर ती लावूनच ठेवली तर गाडी घसरणार नाही ना, असं विचारलंय. उलट घसरेल.

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. तो फरक सांभाळायलाच डिफरन्शियल असतं. लॉक लावलं की दोन्ही चाकं एका दांड्याला वेल्डिंग केल्यासारखी एकाच वेगाने फिरतात. रस्त्यावर वळलात की टायर फरफटतो, ॲक्सलवर ताण येतो, आणि पुढचं लॉक असेल तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जायला बघते. कोरड्या डांबरावर साधं फोर-बाय-फोरसुद्धा (चारही चाकांना इंजिनचा जोर) लावू नका. पावसात खरी साथ टायरची. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर आधी टायर बदला. ब्रेक लागायला फोर-बाय-फोरची काडीचीही मदत नाही.

मग लॉक कशाला? मुरबाडकडे मामाच्या खाचरात माझी गाडी बांधावर तिरकी अडकली होती. मागचं डावं चाक हवेत गरगरतंय, चिखल खिडकीपर्यंत उडतोय, आणि उजवं जमिनीवर असूनही हट्टी बैलासारखं ढिम्म. एका चाकाला पकड नसली की साधं डिफरन्शियल दुसऱ्यालाही जोर देत नाही. मी रेस करत राहिलो, हे चुकलंच. चाक फिरत असताना लॉक ओढायचं नसतं, दाते तुटतात. थांबलो, मागचा लिव्हर ओढला, डॅशवर दिवा लागला. लो रेंज (कमी वेग, जास्त जोर), पहिला गिअर, ॲक्सिलरेटरला पायही न लावता गाडी बांध चढून गेली. मामा म्हणाले, "आधीच ओढायचं होतंस की!"

पुढे शहाणपणा असा की लॉक तसंच ठेवून मी गावातल्या काँक्रीटच्या रस्त्यावर वळलो. टायर किंचाळले. लिव्हर सोडला तरी दिवा विझेना, कारण आत पीळ बसलेला. चार-पाच फूट सरळ मागे घेतली तेव्हा सुटलं.

मित्राच्या महिंद्रा थारवर हे शिकू नका. काही थारमध्ये मागचं मेकॅनिकल लॉक आपोआप बसतं, चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की. म्हणजे तिथे चाक थोडं फिरू द्यावंच लागतं, गुरखाच्या बरोबर उलट. मारुतीच्या जिम्नीत तर लॉकच नाही, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून काम भागवतात.

सरावाला ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात घुसू नका, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला मातीच्या मैदानावर यायला सांगा. एकेक लॉक लावून अगदी हळू वळवा. बसलं असेल तर गाडी वळायला कुरकुरेल, मातीत टायर ओरबाडल्याची खूण दिसेल. मग सोडून, सरळ चालवत, दिवा विझतो का बघा. वर्षानुवर्षं न वापरलेलं लॉक जाम झालेलं असतं, आणि मालकालाही त्याचा पत्ता नसतो.