'मुक्त शहर', 'खुले शहर' की 'उघडे शहर'?

प्रश्न असा आहे: रोबेर्तो रोस्सेलिनीच्या १९४५ सालच्या 'रोमा चित्ता आपेर्ता' या चित्रपटाचं नाव मराठीत 'रोम, मुक्त शहर' असं लिहावं की 'रोम, खुले शहर' असं? आणि शहर 'खुलं' असणं म्हणजे नेमकं काय?

'मुक्त' नकोच. रोम जर्मनांच्या ताब्यातून सुटलं ४ जून १९४४ ला, आणि चित्रपटाची कथा त्याआधीची, ताबा पुरता आवळलेला असतानाची आहे.

'चित्ता आपेर्ता' ही युद्धाच्या कायद्यातली संज्ञा आहे. आम्ही हे शहर लढवणार नाही, तेव्हा तुम्हीही त्यावर मारा करू नका, अशी ती जाहीर घोषणा. असंरक्षित गावांवर तोफा डागायला १९०७ च्या हेग कराराने बंदी घातली होती, तिचाच हा आधार. १९ जुलै १९४३ ला रोमच्या सान लोरेन्झो भागावर दोस्तांचे बॉम्ब पडले, १३ ऑगस्टला पुन्हा पडले, आणि दुसऱ्याच दिवशी इटलीच्या, पंतप्रधान बादोल्यो यांच्या सरकारने ही घोषणा केली.

आपल्याकडे जवळचा शब्द शोधताना 'कौल' आठवतो. फौज चालून आली की गावकरी तिच्याकडून अभयाचा कौल घेत. पण कौल समोरच्याने द्यावा लागतो. रोमला तो कोणीच दिला नाही. दोस्तांनी घोषणा मानली नाही, त्यांचे बॉम्ब पुढेही पडत राहिले. ८ सप्टेंबरला इटलीची शस्त्रसंधी जाहीर झाली आणि दोन दिवसांत जर्मनांनी शहर घेतलं. त्यानंतर रस्त्यांवर त्यांची फौज होती आणि व्हिया तास्सोवर त्यांच्या छळकोठड्या. २४ मार्च १९४४ ला आर्देआतिने खाणींत ३३५ जणांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हाही कागदोपत्री रोम 'आपेर्ता'च होतं.

म्हणून मला 'खुले' हा शब्दही अपुरा वाटतो. खुलं अधिवेशन, खुली स्पर्धा, खुलं नाट्यगृह: मराठीत 'खुलं' म्हणजे या, सगळ्यांना मुभा आहे. 'उघडं' म्हटलं की मात्र दोन्ही अर्थ येतात, वेशीचा दरवाजा उघडा असणं आणि माणूस उघडा पडणं. इटालियन 'आपेर्ता'ही दारा-खिडक्यांसाठी रोज वापरला जाणारा साधा शब्द आहे, त्यामुळे 'उघडे'चा साधेपणा त्याला शोभतो.

चित्रपट पाहिला की हा अर्थ आणखी पटतो. ज्या शहराच्या वतीने 'आम्ही लढणार नाही' असं सरकारने लिहून दिलं, तिथे लढतात कोण? छापखान्यातला कामगार फ्रान्चेस्को, त्याच्याशी लग्न करायला निघालेली गरोदर विधवा पीना, निरोप पोचवणारे पाद्री डॉन पिएत्रो आणि चाळीतली पोरं. लग्नाच्याच दिवशी फ्रान्चेस्कोला ट्रकमध्ये कोंबून नेतात, पीना मागे धावते आणि भर रस्त्यात गोळी लागून पडते. आन्ना मान्यानीने हे ज्या ताकदीने केलंय, त्याला तोड नाही. त्यामागे तेरेसा गुल्लाचे या खऱ्या बाईची आठवण आहे. पकडलेल्या नवऱ्याला भेटू पाहताना ३ मार्च १९४४ ला जर्मन सैनिकाने तिला गोळी घातली. तीही गरोदर होती. चित्रीकरण १९४५ च्या जानेवारीत सुरू झालं तेव्हा उत्तर इटली अजून ताब्यातच होती, म्हणजे या शीर्षकाचा अर्थ पहिल्या प्रेक्षकांना कोणी समजावून द्यावा लागला नसणार. आपल्याला मात्र तो शब्दातच पेरावा लागतो.

माझी शिफारस: चित्रपटाच्या नावासाठी 'रोम, उघडे शहर'. 'खुले शहर' लिहिलं तर चूक म्हणणार नाही, पण पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात खुलासा द्यावा. इतिहासाच्या लेखनात, म्हणजे १९४० चं पॅरिस किंवा १९४१ चं मनिला यांच्याबद्दल लिहिताना, 'असंरक्षित म्हणून घोषित केलेलं शहर' असं सरळ लिहावं. लांब आहे, पण वाचणाऱ्याला अडायला होत नाही.