ब्रेक पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं, पण ब्रेक ऑइल कमी होत नाही. दोष कुठे असेल?

तुम्ही लिहिलंय की सिग्नलला पाय ठेवून थांबलं की पेडल सावकाश खाली बसतं, डबीतलं ऑइल तेवढंच असतं आणि दोनदा एअर (ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा) काढूनही फरक पडला नाही. मग तिसऱ्यांदा काढू नका. हा दोष एअरचा वाटत नाही.

एअर असेल तर पेडल पहिल्या दाबालाच स्पंजासारखं लागतं आणि भराभर तीन-चार वेळा पंप केलं की वर येऊन टणक होतं. तुमचं पेडल आधी टणक लागतं आणि मग बुडतं, म्हणजे दाब निसटतोय. ऑइल बाहेर गळत नसेल, तर बहुतेक ते मास्टर सिलिंडरमधल्या (पेडल दाबलं की ऑइलवर दाब आणणारा भाग) झिजलेल्या रबरी सीलना ओलांडून परत डबीत जातंय. म्हणून पातळी हलत नाही.

खात्री अशी करा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणारा भाग) व्हॅक्यूम संपेल. मग एकसारखा जोर लावून अर्धा मिनिट धरा. बुडत गेलं तर गळती नक्की, आतली किंवा बाहेरची. जागचं हललं नाही तर पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. तेव्हा पेडल थोडं खाली जाऊन थांबलं तर तो दोष नव्हे, बूस्टर काम करतोय. इंजिन चालू असताना जोरात दाबलं की थोडं खाली जाणं बऱ्याच गाड्यांत असतंच, त्याला घाबरू नका.

तरी चाकांच्या आतल्या बाजूला, रबरी होजवर आणि मागे ड्रम ब्रेक असतील तर व्हील सिलिंडरचं (चाकातला छोटा सिलिंडर) रबर उचलून ओल बघाच. मास्टर सिलिंडर गॅरेजमध्ये पक्का तपासता येतो: त्याची तोंडं प्लगने बंद करून पेडल दाबायचं. तरीही बुडलं तर दोष त्याच्यातच. न बुडलं तर पुढे शोधायचं. क्वचित एबीएसचं (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटही आतून ऑइल सोडतं.

एक विचारतो, पेडल आधीपासून बुडायचं की एअर काढल्यानंतर सुरू झालं? माझ्या जुन्या गाडीत मी स्वतःच हा उद्योग करून ठेवला होता. एअर काढताना पेडल पार तळापर्यंत दाबत होतो. रोजच्या वापरात सील सिलिंडरच्या ज्या भागात कधी पोचत नाहीत, तिथे गंज आणि गाळ साठलेला असतो. त्यावर घासून ते फाटले. तेव्हापासून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो.

नवा मास्टर सिलिंडर बसवताना ऑइलही पूर्ण बदला. आपण ऑइल म्हणतो खरं, पण ते खनिज तेल नाही; इंजिन ऑइल चुकून पडलं तर रबर फुगतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ वर येते. मग लांब उतारावर त्याची वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच घाला; डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

तोवर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.